इंजिन बदलायचं की गाडी सोडायची? आधी हेड उघडा

प्रश्न साताऱ्याच्या एका गृहस्थांचा आहे. २०११ ची स्विफ्ट व्हीडीआय, म्हणजे डिझेल, १,७२,००० किलोमीटर चाललेली. एप्रिलच्या दुपारी पुण्याहून परतताना, पाच माणसं आणि एसी चालू असताना, खंबाटकीच्या चढावर टेंपरेचरचा लाल दिवा लागला. थांबायला जागा मिळेना म्हणून त्यांनी गाडी तशीच सुरूर फाट्यापर्यंत आणली. तिथं ती धक्के देत बंद पडली. थंड झाल्यावर पाणी भरून स्टार्टर मारला, तर इंजिन फिरलं, थोडं धडधडलं, पांढरा धूर सोडून पुन्हा बंद. टोचन करून घरी नेली. एका वर्कशॉपने "इंजिन बसलं", म्हणजे जाम झालं, असं सांगून नव्या असेंब्लीचं, म्हणजे अख्ख्या नव्या इंजिनाचं, २ लाख १० हजारांचं कोटेशन दिलं. ओळखीचा मिस्त्री ९५ हजारांत फुल इंजिन काम (इंजिन पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलणं) करून देतो म्हणतो. तिसरा एकजण कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून ६५ हजारांत बसवून देणार आहे. आहे त्या स्थितीत गाडी घेणारा ७० हजार देतोय. चालू असती तर त्यांच्या भागात सव्वादोन लाखांच्या आसपास आले असते. मेहुणे म्हणतात, स्क्रॅपला द्या.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात इंजिनांचंच काम करतो, आणि असे प्रश्न उन्हाळ्यात जास्त येतात. तर पहिली गोष्ट: हे सगळे आकडे तूर्त बाजूला ठेवा. एकानेही हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उचललेलं नाही, एकानेही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलेलं नाही. न उघडलेल्या इंजिनाचं कोटेशन हा अंदाज असतो, आणि अंदाज सांगणारा माणूस सगळ्यात वाईट शक्यता धरून सांगतो, म्हणजे नंतर तोंडघशी पडायला नको. त्यात तो तुम्हाला फसवतोय असं नाही. पण त्या अंदाजावर तुम्ही दोन लाखांचा निर्णय घेऊ नये. इंजिन कशाने गेलं आणि किती गेलं, ही दोन उत्तरं हातात येईपर्यंत बदलायचं की सोडायचं हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही.

तुमच्या सांगण्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे "थंड झाल्यावर इंजिन फिरलं". खरोखर जाम झालेलं इंजिन स्टार्टरला दाद देत नाही, नुसता खट्ट आवाज येतो. तुमचं फिरलं, एक-दोन सिलिंडरवर धडधडलंही. म्हणजे क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा), रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारी साखळी) हे अजून एकमेकांना धरून आहेत. हा १२४८ सीसीचा फियाटचा मल्टिजेट. याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मधे गॅस्केट, म्हणजे जोड घट्ट बंद करणारी पातळ पट्टी, वरून बोल्टांनी आवळलेलं. पाणी संपलं की हेडला फुगायला जागा मिळत नाही, ते वाकतं, आणि गॅस्केट सिलिंडर व पाण्याच्या वाटेमध्ये उडतं. मग ज्वलनाचा दाब पाण्यात आणि पाणी सिलिंडरमध्ये. तुमचा पांढरा धूर ही बहुधा वाफ आहे. नुसतं हेड गॅस्केट उडालेली गाडी आणि इंजिन बसलेली गाडी रस्त्याच्या कडेला अगदी सारखी वागते. खर्चात मात्र दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता काळजीची बाजूही सांगतो. लाल दिवा लागल्यावर तुम्ही घाट चढून, उतरून सुरूरपर्यंत आलात. पाणी पूर्ण गेलं की टेंपरेचरचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो आणि मीटरवर खरं तापमान दिसतच नाही. कधीकधी दिवा विझतोसुद्धा, आणि माणसाला वाटतं गाडी थंड झाली. त्या वेळी आत ऑइल पातळ होऊन सिलिंडरच्या भिंतीवर टिकत नाही, पिस्टन फुगतात आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या गोल भोकाला, घासतात. म्हणून हेडपुरतं नुकसान असेल अशी आशा आहे, खात्री नाही. खात्री करायची तर ती मोजूनच होते.

मिस्त्रीला सांगा, स्टार्टर मारत बसू नको. आधी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. कुठं अडतंय का, कुठं खरखरतंय का, हे हाताला कळतं. मग चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट काढून ऑइल परातीत घ्यायचं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. त्यात चकाकणारी पूड असेल तर बेअरिंग झिजायला लागली आहेत. पुडीवरून लोहचुंबक फिरवा: चिकटली नाही तर ती बेअरिंगची किंवा पिस्टनची, चिकटली तर पोलादी भागांची. त्यानंतर ग्लो प्लगच्या (डिझेल इंजिन थंड असताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून कॉम्प्रेशन मोजायचं. चांगल्या डिझेलला स्टार्टरवर साधारण २५ ते ३० बार मिळतात. चारही सिलिंडर जवळपास सारखे हवेत. शेजारशेजारचे दोनच पडलेले असतील तर बहुतेक वेळा त्या दोघांमधलं गॅस्केट गेलेलं असतं आणि ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. चारही २० च्या खाली असतील तर रिंगा आणि बोअर संपलेत, घाटात काही झालं नसतं तरी वर्षभरात ते काम निघालंच असतं.

मग हेड उचलायचं. याला मजुरी सहा-आठ हजार लागेल आणि ती कुठल्याही मार्गाने जा, लागणारच आहे, त्यामुळे ती वाया जात नाही. हेड मशीन शॉपला द्यायचं. तिथं दोन गोष्टी करून घ्यायच्या: सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक मोजायचा, आणि पाण्याच्या वाटा बंद करून हवेचा दाब देऊन गरम पाण्यात बुडवून क्रॅक तपासायची. तापलेल्या डिझेल हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधोमध बारीक क्रॅक जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, बुडबुड्यांनी दिसते. पुष्कळ ठिकाणी ही हवेच्या दाबाची प्रेशर टेस्ट न करता नुसतं फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करून, हेड परत चढवतात आणि पंधरा दिवसांत गाडी पुन्हा पाणी फेकते. प्रेशर टेस्टचे पैसे वाचवू नका, ते हजार-दीड हजारांच्या घरात असतात.

हेड वर असतानाच बोअर बघायचे. उभे ओरखडे असतील तर त्यांवरून नख फिरवा. नख अडलं तर बोअर गेला. न अडलं तरी बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी माप घ्यायला लावा. या इंजिनाचा मूळ बोअर ६९.६ मिलिमीटरचा आहे. झीज ०.१ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर नुसत्या रिंगा बदलून काही होत नाही, ऑइल खाणं चालूच राहतं. मिस्त्रीने "डोळ्याने बघितलं, चांगले आहेत" असं सांगितलं तर ते पुरेसं नाही. मापं कागदावर हवीत, सिलिंडरवार.

इथपर्यंत आलात की तुमच्यापुढे तीनपैकी एक चित्र असेल.

पहिलं, हेड वाकलंय, क्रॅक नाही, बोअर मापात आहेत. हेड फेसिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग, स्टेम सील, नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट. आमच्याकडे हे काम तीस-चाळीस हजारांत बसतं. यात दोन ठिकाणी लक्ष ठेवा. बोल्ट नवेच घ्या, कारण ते आधी ठराविक टॉर्कवर आणि मग अंशात कोन मोजून आवळतात आणि एकदा ताणले की परत तसे धरत नाहीत. आणि फेसिंग किती घेतलं ते विचारा. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यात जागा फार कमी असते, हेड जास्त घासलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचं अंतर बिघडतं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे घासायला लागत असेल तर हेड बदला, घासू नका.

दुसरं, बोअर ओरखडलेत, पण क्रँक चांगला आहे किंवा ग्राइंडिंग करून मापात येतोय. इथं फुल इंजिन काम. बोअर मोठे करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा स्लीव्ह, नव्या रिंगा, बेअरिंग, चेन किट, ऑइल पंप तपासणी. मिस्त्रीचे ९५ हजार या कामाला रास्त आहेत, पण त्यात काय काय आलंय हे त्याच्याकडून लिहून घ्या. टर्बोची तपासणी, इंजेक्टर टेस्टिंग आणि क्लच प्लेट बहुधा त्यात नसणार. शेवटी बिल सव्वा लाखावर गेलं की भांडण होतं, ते कामाआधी टाळलेलं बरं.

तिसरं, ब्लॉकला तडा, रॉड वाकलेला किंवा क्रँक निळा पडलेला. तेव्हाच दुसऱ्या इंजिनाचा विषय निघतो.

तुमच्या वर्णनावरून माझा कल पहिल्या आणि दुसऱ्या चित्राच्या मध्ये कुठंतरी आहे.

आता कशाने गेलं, याकडे येतो. माझ्या मते हा भाग सगळ्यात मोलाचा आहे आणि कोटेशनमध्ये याचा एक शब्दही नसतो. इंजिन गरम झालं हे लक्षण झालं. पाणी का गेलं? रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला वयाने चीर पडते. पाण्याच्या पंपाचं सील गळतं. होज आतून फुगून मऊ पडतो. फॅनचा रिले अडकतो. थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो. आणि एक छोटी गोष्ट: कूलंटच्या टाकीचं झाकण. ते झाकण आत सुमारे एक बारचा जास्तीचा दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी १२० च्या आसपास उकळतं. झाकणाचा रबर कडक झाला की दाब धरत नाही आणि भर चढावर पाणी उकळून बाहेर पडतं. काही शे रुपयांच्या वस्तूने लाखाचं इंजिन जातं, हे मी टेबलावर उघडलेल्या इंजिनांत वारंवार पाहतो.

आपल्याकडे दुसरं कारण बोअरवेलचं पाणी. कूलंट कमी झालं की लोक पेट्रोल पंपावरच्या नळाचं पाणी ओततात. सातारा, सोलापूर, मराठवाडा, सगळीकडे बोअरवेलचं पाणी जड आहे. त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या वाटांत बसतो. गावात गाडी चालते, कारण तिथं उष्णता कमी तयार होते. खंबाटकीत पाच माणसं, एसी आणि दुसरा गिअर असं जमलं की रेडिएटर अपुरा पडतो. तुमचा जुना रेडिएटर काढून उलटा धरा, त्यातून काय पडतं ते बघा. तांबडा चिखल किंवा पांढरे पापुद्रे निघाले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

समजा, हे न तपासता तुम्ही २ लाख १० हजारांचं नवं कोरं इंजिन बसवलंत. रेडिएटर तोच, फॅन तोच, झाकण तेच. पुढच्या एप्रिलमध्ये नवं इंजिनही त्याच चढावर तापेल, आणि तेव्हा वॉरंटीवाला म्हणेल की ओव्हरहीटिंग वॉरंटीत नाही. म्हणून कुठलाही पर्याय निवडा, रेडिएटर, झाकण, सगळे होज, पंप आणि थर्मोस्टॅट एकदम बदलायचे. पंधरा-वीस हजार त्यासाठी वेगळे धरा.

इतर गाड्यांत कारण वेगळं असेल तर विचारही वेगळा लागतो. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये पाण्यात घातलेली गाडी बंद पडते, कारण एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. तिथं बंद पडल्यावर पुन्हा स्टार्टर मारला नसेल तर इंजिन पुष्कळदा वाचतं. साध्या विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही, पाण्यामुळे इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्टचं कव्हर वेगळं घेतलेलं लागतं, आणि जुन्या गाड्यांना ते सहसा देत नाहीत. ऑइल न बदलल्याने गेलेली इंजिनं वेगळी: त्यांत बेअरिंगची पूड ऑइल कूलर आणि टर्बोपर्यंत पोचलेली असते. अशा गाडीला दुसरं इंजिन बसवताना जुना ऑइल कूलर आणि जुना टर्बो तसाच चढवला तर ती पूड नव्या बेअरिंगमध्ये जाते.

कुर्ल्याच्या इंजिनाबद्दल. सीएसटी रोडवर चांगली इंजिनं मिळतात, मी स्वतः तिथून आणतो. अपघातात पूर्ण नुकसान ठरलेल्या गाड्यांची, कमी चाललेली इंजिनं त्यात असतात. पण ६५ हजारांत मिळतं ते एक न उघडलेलं इंजिन, ज्याचा इतिहास तुम्हाला माहीत नाही. तुमचं स्वतःचं इंजिन निदान कसं वापरलंय हे तुम्हाला माहीत आहे. घ्यायचंच असेल तर आपला मिस्त्री बरोबर न्या, कॉम्प्रेशन तिथंच मोजून घ्या, ऑइल भरायचं झाकण उघडून आत काळा गाळ साचलाय का बघा, पुढून धडकलेल्या गाडीचं असेल तर माउंटिंगचे कान (इंजिन गाडीला जिथं बोल्टने बसतं त्या जागा) तपासा. इंजिन नेमकं तुमच्याच प्रकारचं हवं. स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झमध्ये ७५ पीएसचं साध्या टर्बोचं आहे, एसएक्स४ आणि एर्टिगात ९० पीएसचं व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणाऱ्या टर्बोचं. दोन्ही १२४८ सीसीची असली तरी एकाच्या जागी दुसरं सरळ बसत नाही. इंजेक्टर बदलले तर बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत त्यांच्यावरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, त्यासाठी स्कॅनर असलेला माणूस लागेल. आणि बसवण्याआधी, इंजिन बाहेर असतानाच, चेन किट, पंप, पुढचं-मागचं ऑइल सील आणि क्लच नवं टाका. बसवल्यावर हीच कामं काढलीत तर मजुरी दुप्पट. दुकानदाराची वॉरंटी असते ती इंजिनाची, उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीची नसते. हे सगळं धरलं की ६५ चे ९० हजार होतात, आणि मग मिस्त्रीच्या ९५ हजारांशी तुलना करा. तुलना बदललेली दिसेल.

आणखी एक गोष्ट, ज्यात मी कुणालाही सूट देत नाही. इंजिनवरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा पत्रा लावून झाकलेला असेल तर ते इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नका, ते चोरीच्या गाडीचं असू शकतं. इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची किंवा स्क्रॅपची प्रत घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आधी मंजुरी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. कर्ज चालू असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ती बसवलेली नसेल तर आरटीओत काम अडतं. हे टाळलंत तर पुढे विक्रीच्या वेळी किंवा अपघाताच्या दाव्यात नंबर जुळत नाही म्हणून अडचण येते. तुमच्याच ब्लॉकमध्ये फुल इंजिन काम केलं तर नंबर तोच राहतो, यातलं काहीच करावं लागत नाही. माझं मन फुल इंजिन कामाकडे झुकतं त्याचं हेही एक कारण आहे.

आता इंजिन सोडून बाकीची गाडी. लिफ्टवर घेऊन तासभर बघा, आणि हेड उचलण्याआधीच बघा. रनिंग बोर्डखालची पट्टी, फ्लोअर आणि बॉनेटखाली सस्पेन्शन जिथं वर बसतं ते टॉवर, या तीन जागी स्क्रू ड्रायव्हरने टोचा. रत्नागिरी-मालवण किंवा गोव्यात समुद्राजवळ राहिलेल्या गाडीचा पत्रा इथं खाल्लेला असतो. टॉवर सडलेल्या गाडीत मी इंजिन बसवत नाही, कारण गाडी दिसायला कितीही चांगली असली तरी ती सुरक्षित नाही. साताऱ्याच्या कोरड्या हवेतली गाडी बहुधा चांगली निघेल. गिअरबॉक्स, स्टिअरिंग रॅक, एसीचा कॉम्प्रेसर, टायर, हे खर्चाचे विषय आहेत. प्रत्येकाचा अंदाज लिहा. पुढच्या वर्षभरात इंजिनाव्यतिरिक्त साठ-सत्तर हजारांपेक्षा जास्त लागणार असतील तर थांबून फेरविचार करा.

सुटे भाग मिळतील का, हा प्रश्न तुम्हाला नाही. हाच मल्टिजेट पुंटो, लिनिया, व्हिस्टा, डिझायर अशा कितीतरी गाड्यांत बसला. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं तरी रिंगा, गॅस्केट, चेन किट अजून सगळीकडे आहेत. शेवरोले बीट डिझेलवाल्याला मी इतक्या खात्रीने हो म्हणणार नाही. तिचं ९३६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन कमी गाड्यांत आलं, आणि जनरल मोटर्सने भारतातली विक्रीच २०१७ मध्ये थांबवली. उलट अल्टो किंवा वॅगन आरचं पेट्रोल इंजिन असेल तर हा प्रश्न इतका अवघड होतच नाही, तिथं फुल काम डिझेलच्या निम्म्यात होतं.

गाडीचं वयही धरायला हवं. २०११ ची गाडी म्हणजे २०२६ मध्ये नोंदणीची १५ वर्षं पूर्ण. महाराष्ट्रात १५ वर्षांनी डिझेल गाडी बंद करावी लागते असं बरेच जण धरून चालतात. ते दिल्ली आणि आसपासच्या भागातल्या १० वर्षांच्या डिझेल बंदीमुळे. आपल्याकडे तपासणी करून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी कारला ५,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर आणि प्रलंबित दंड असतील तर ते. म्हणजे इंजिन नीट झालं तर गाडीला २०३१ पर्यंत कायदेशीर आयुष्य आहे. काम झाल्यावर धूर मापात आहे ना हे पीयूसीवर बघून घ्या, नूतनीकरणाला तेही लागतं.

पैशांचा हिशेब लोक असा करतात: गाडीची किंमत सव्वादोन लाख, दुरुस्ती एक लाख, म्हणजे निम्मी किंमत गेली, सोडून द्या. गाड्यांचा धंदा करणाऱ्याला हा हिशेब बरोबर आहे. वापरणाऱ्याला नाही. तुम्ही आज ७० हजारांना विकायचं सोडून ९५ हजार इंजिनात आणि २० हजार कूलिंगमध्ये घातलेत, तर तुमच्या हातात १ लाख ८५ हजारांत अशी गाडी येते जिच्या इंजिनाची मापं तुमच्या खिशात आहेत. त्याच १ लाख ८५ हजारांत बाजारात जी डिझेल गाडी मिळेल तिच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कुणी मोजलेलं नसेल. साडेतीन लाखांची घेतलीत तरी नाव बदलणं, विमा, टायर आणि पहिली सर्व्हिस हे वर लागतं, आणि इंजिनाबद्दल तुम्ही तितकेच अंधारात. गाडी चार वर्षं चालवायची असेल तर १ लाख १५ हजारांचे महिन्याला २,४०० रुपये पडतात. नव्या गाडीचा हप्ता याच्या कितीतरी पट.

पण हा हिशेब फक्त चालवणाऱ्यासाठी आहे. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच फिरत असाल, किंवा दोन वर्षांत गाडी बदलायचं आधीच ठरलं असेल, तर इंजिनात घातलेले पैसे विक्रीत परत येत नाहीत. घेणारा २०११ ची गाडी म्हणूनच भाव देतो. तेव्हा विका. स्क्रॅपचा विचार पत्रा सडला असेल तरच. नोंदणीकृत केंद्रात दिलीत तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला) मिळतं, नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत आहे, आणि आरसी रद्द होते. भंगारवाल्याला कागद न करता दिलेली गाडी तुमच्याच नावावर राहते, तसं अजिबात करू नका.

नव्या असेंब्लीच्या २ लाख १० हजारांना माझा नकार आहे. १,७२,००० किलोमीटरच्या गिअरबॉक्स आणि सस्पेन्शनवर शून्य किलोमीटरचं इंजिन बसवून तुमच्या वापराला काही जास्तीचं मिळत नाही.

तर या आठवड्यात असं करा. लिफ्टवर पत्रा बघा. तो चांगला असेल तर ऑइल, कॉम्प्रेशन आणि हेड या क्रमाने जा. मापात बसलं तर हेडचं काम करून गाडी चालवा. बोअर गेले असतील तर मिस्त्रीला यादी लिहायला लावून, मशीन शॉपच्या मापांच्या चिठ्ठीसकट फुल काम करा, जुने भाग परत मागा, पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला आणि तोवर गाडी घाटात ओढू नका. सगळं मिळून, कूलिंग आणि इतर कामं धरून, आकडा दीड लाखाच्या वर जायला लागला तर तिथंच थांबा आणि आहे तशी विका. तेव्हा घेणाऱ्याला मापांची चिठ्ठी दाखवा. काय खराब आणि काय शाबूत हे कागदावर दिसलं की तो ७० च्या थोडा वर यायला तयार होतो. विकायचं ठरलं तर पावसाळ्याआधी विका. उघडलेलं इंजिन दोन महिने दमट हवेत पडून राहिलं की बोअरला गंज धरतो, आणि मग त्या चिठ्ठीवरची मापं खरी राहत नाहीत.